वीस गोलेम, एकवीस एल्फ: ताकद एका आकड्यात मावते का?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एका जागी बहुतेकांचं पेन थांबतं. ती जागा म्हणजे कार्यात्मक व्याख्या. 'अध्यापनाची परिणामकारकता', 'आर्थिक असुरक्षितता', 'वाचनक्षमता' हे शब्द शीर्षकात छान दिसतात, पण मोजणार कसे? मग आपण एखादी तयार श्रेणी शोधतो, गुणांची बेरीज करतो आणि प्रत्येक माणसासमोर एक आकडा लिहून मोकळे होतो. पुढे व्हायवात कुणीतरी विचारतं, "हा आकडा नक्की कशाचा आहे?" आणि तिथे गाडी अडते.

या प्रश्नाची तयारी म्हणून आज एका जुन्या कम्प्युटर गेमची चिकित्सा करू. गेम खेळलेला नसला तरी चालेल. लागणारं गणित शाळेतलं आहे, कागद-पेन जवळ ठेवा म्हणजे झालं. गेम निवडण्याचं कारण सोपं आहे. माणसांच्या बाबतीत 'खरी' क्षमता कधीच उघडी दिसत नाही, त्यामुळे मोजमाप चुकलंय की नाही हे कळायला वर्षं जातात. गेममध्ये मोजमापही आकड्यात असतं आणि प्रत्यक्ष निकालही आकड्यात. दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

गेम कोणता?

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'. न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने बनवला, थ्रीडीओने १९९९ साली आणला. तुमच्याकडे एक हिरो असतो, त्याच्यामागे सैन्य. नकाशावर फिरायचं, खाणी ताब्यात घ्यायच्या, शहर वाढवायचं. वाटेत खजिन्यावर आणि खिंडींत राखणदार बसलेले असतात. त्यांना भिडलं की पडदा बदलतो आणि षटकोनी घरांच्या पटावर आळीपाळीने लढाई होते. पट १५ घरं रुंद आणि ११ घरं उंच.

मूळ गेममध्ये नकाशे माणसांनी हाताने बनवलेले होते. त्याच वर्षी आलेल्या 'आर्मागेडन्स ब्लेड' या विस्तारात यादृच्छिक नकाशा बनवणारा भाग जोडला गेला. आज पंचवीसहून जास्त वर्षांनीही लोक हा गेम खेळतात. 'हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस' हा चाहत्यांनी केलेला विस्तार आणि 'व्हीसीएमआय' हे मुक्त स्रोत पुनर्लेखन यांमुळे तो जिवंत आहे. स्पर्धा तर बहुतेक यादृच्छिक नकाशांवरच होतात.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना हाताशी राहील. नकाशा बनवणारा भाग राखणदाराची ताकद एका स्थिर आकड्यात मोजतो. लढाईचा निकाल मात्र दोन्ही बाजूंच्या नात्यावर ठरतो. एकाच गेमच्या या दोन भागांचं 'ताकद' या शब्दावर एकमत नाही.

नकाशा: मोकाट नसलेली यादृच्छिकता

आधी कौतुक. हा जनरेटर नकाशावर कुठेही काहीही फेकत नाही. त्याच्याकडे टेम्प्लेट असतं. टेम्प्लेट म्हणजे एक तक्ता: नकाशात किती झोन, कुठला झोन खेळाडूच्या सुरुवातीचा, कुठला खजिन्याचा, कुठला झोन कुणाला जोडलेला, प्रत्येक जोडणीवर किती ताकदीचा राखणदार, प्रत्येक झोनमध्ये कोणत्या किमतीपासून कोणत्या किमतीपर्यंतच्या वस्तू आणि किती दाट. खेळाडू फक्त नकाशाचा आकार (३६ गुणिले ३६ पासून १४४ गुणिले १४४ घरांपर्यंत), खाली भुयारी पातळी हवी की नको, पाणी किती, राखणदार कमजोर की तगडे अशा मोजक्याच गोष्टी ठरवतो. फासे पडतात ते या चौकटीच्या आत.

तुम्ही नमुना निवडीचा धडा वाचला असेल तर ओळखलं असेल. ही साध्या यादृच्छिक नमुन्यापेक्षा स्तरित यादृच्छिक नमुन्याच्या जवळची गोष्ट आहे. आधी स्तर ठरवायचे, प्रत्येक स्तरात काय आणि किती यायला हवं ते ठरवायचं, मग आत चिठ्ठ्या काढायच्या. चाहत्यांमध्ये गाजलेलं 'जेबस क्रॉस' हे टेम्प्लेट बघा: चार कोपऱ्यांत चार सुरुवातीचे झोन आणि मध्ये एक मोठा, श्रीमंत झोन. नकाशा दर वेळी नवा, पण खेळाचा आराखडा तोच. त्यामुळेच दोन वेगळ्या नकाशांवरच्या डावांची तुलना करता येते.

आणखी एक चांगली सवय. बनवलेल्या नकाशाच्या वर्णनात जनरेटर स्वतःच लिहून ठेवतो: टेम्प्लेट कोणतं, रँडम सीड कोणता, आकार किती, खेळाडू किती, पाणी आणि राखणदारांची पातळी काय. नकाशा कसा तयार झाला याची नोंद नकाशाबरोबरच चिकटलेली. आपल्या प्रबंधांमध्ये 'यादृच्छिक पद्धतीने १०० विद्यार्थी निवडले' एवढ्या एका वाक्यावर काम भागवलेलं असतं. १९९९ सालच्या गेमने त्यापेक्षा बरा पद्धती-विभाग लिहिलाय, एवढं लक्षात ठेवा.

आता अडचण. जोडणीवर '५००० ताकदीचा राखणदार' बसवायचा तर ५००० म्हणजे काय? गेमच्या फाइलींमध्ये प्रत्येक क्रीचरला एक 'एआय व्हॅल्यू' दिलेली आहे. जनरेटर एखादं क्रीचर उचलतो आणि हव्या त्या ताकदीला त्याच्या व्हॅल्यूने भागतो. उत्तर येईल तेवढी क्रीचर उभी करतो. व्हीसीएमआयच्या कोडमध्ये तर हे उघड वाचता येतं: संख्या चार किंवा त्याहून जास्त आली तर ती ७५ ते १२५ टक्क्यांच्या आत थोडी हलवलीही जाते.

स्टोन गोलेमची व्हॅल्यू २५०. वुड एल्फची २३४. म्हणजे जनरेटरच्या लेखी २० गोलेम (५०००) आणि २१ एल्फ (४९१४) हे जवळपास सारखेच. एका खेळाडूच्या दारात गोलेम आले आणि दुसऱ्याच्या दारात एल्फ, तर न्याय झाला असं टेम्प्लेट समजतं. झाला का?

डॅमेज: सगळं वजाबाकीवर

लढाईचं सूत्र असं आहे. मारणाऱ्या प्रत्येक क्रीचरचा मूळ डॅमेज एका पट्ट्यात असतो, उदाहरणार्थ वुड एल्फचा ३ ते ५. तो संख्येने गुणायचा. मग मारणाऱ्याचा अटॅक वजा मार खाणाऱ्याचा डिफेन्स असा फरक काढायचा. फरक धन असेल तर दर गुणामागे डॅमेज ५ टक्के वाढतो, जास्तीत जास्त ३०० टक्के. फरक ऋण असेल तर दर गुणामागे २.५ टक्के घटतो, जास्तीत जास्त ७० टक्के. हिरोचे अटॅक-डिफेन्स त्याच्या सैन्यातल्या प्रत्येकाला मिळतात. राखणदारांना हिरो नसतो.

यावर दोन नियम. नेमबाजांचा बाण दहा घरांपलीकडे गेला तर डॅमेज निम्मा. आणि बहुतेक नेमबाजांना हातघाईत लढावं लागलं तरी निम्मा.

या सूत्रात 'ताकद' अशी स्वतंत्र गोष्ट कुठेच नाही, हे नीट बघा. अटॅक ९ चांगला की वाईट? समोर डिफेन्स ३ असेल तर छान, १५ असेल तर मार बोथट. आकड्याला अर्थ येतो तो समोरच्यामुळे.

शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्रवाल्यांना इथे जॉर्ज राश आठवायला हवा. या डॅनिश गणितज्ञाने १९६० साली मांडलेल्या प्रतिमानात विद्यार्थी प्रश्न बरोबर सोडवेल की नाही हे विद्यार्थ्याची क्षमता वजा प्रश्नाची काठिण्यपातळी यावर ठरतं. दोन्ही एकाच मोजपट्टीवर ठेवायचे आणि फरक बघायचा. गेमचं डॅमेज सूत्रही त्याच वळणाचं आहे. जुन्या पद्धतीत मात्र '४० टक्के मुलांनी बरोबर सोडवला' अशी काठिण्यपातळी काढतात आणि ती प्रश्नाचाच गुणधर्म असल्यासारखी मिरवतात. कोणत्या ४० टक्के मुलांनी, हे विसरलं जातं. एआय व्हॅल्यूचंही तसंच आहे.

एकच किंमत, दोन निकाल

आता कागद-पेन घ्या. आपल्याकडे ३० मार्क्समन आहेत: अटॅक ६, डिफेन्स ३, डॅमेज २ ते ३, हिट पॉइंट १०, वेग ६, आणि एका पाळीत दोन बाण. हिरोचा अटॅक २, डिफेन्स २. मंत्र आणि कौशल्यं शून्य धरू. राखणदार खरं तर दोन-चार तुकड्यांत विभागले जातात, आपण सोयीसाठी एकच तुकडी धरू आणि डॅमेजची सरासरी वापरू. समोरासमोर अंतर १४ घरं.

पहिला सामना २० गोलेमशी. गोलेम: अटॅक ७, डिफेन्स १०, डॅमेज ४ ते ५, हिट पॉइंट ३०, वेग ३. एकूण हिट पॉइंट ६००. आपला अटॅक ६ अधिक २ म्हणजे ८, समोर डिफेन्स १०, फरक उणे २, म्हणजे डॅमेज ५ टक्के कमी. ३० गुणिले २.५ गुणिले दोन बाण म्हणजे १५०, त्यातून ५ टक्के गेले की १४२.५. गोलेम एका पाळीत तीनच घरं सरकतात. म्हणून आपल्या पाच पाळ्यांना अंतर १४, ११, ८, ५ आणि २ घरं. पहिल्या दोन पाळ्या दहा घरांपलीकडच्या, म्हणून निम्म्या. बेरीज: दोनदा ७१.२५ आणि तीनदा १४२.५, एकूण ५७०. भागिले ३० केलं की १९ गोलेम गार. उरलेला एकटा येऊन बुक्का मारतो, डॅमेज पाचाच्या आत. आपलं नुकसान: शून्य.

दुसरा सामना २१ वुड एल्फशी. एल्फ: अटॅक ९, डिफेन्स ५, डॅमेज ३ ते ५, हिट पॉइंट १५, वेग ६. एकूण हिट पॉइंट फक्त ३१५, गोलेमच्या जवळपास निम्मे. पण तेही नेमबाज. जागचे हलत नाहीत, चौदा घरांवरून बाण सोडतात. दोन्हीकडून डॅमेज निम्मा. आपण आधी मारतो असं धरलं तरी पहिल्या पाळीत ५ एल्फ पडतात आणि उरलेले १६ आपले ३ मार्क्समन मारतात. असंच पुढे करत गेलात की पाचव्या पाळीत एल्फ संपतात, पण तोवर आपले ३० पैकी ८ गेलेले असतात. करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

किंमत जवळपास सारखी. एका खेळाडूचं काहीच गेलं नाही, दुसऱ्याचं पाव सैन्य गेलं. गेमच्या पहिल्या आठवड्यात पाव सैन्य म्हणजे पुढची खाण, पुढची इमारत, कधी कधी सगळा डाव.

मग एल्फची व्हॅल्यू वाढवा की!

हा पहिला उपाय सगळ्यांच्याच मनात येतो. संशोधनातही येतो: मोजमाप चुकतंय ना, मग भारांक बदला. थांबा. आता आपलं सैन्य बदलू. १२ रॉयल ग्रिफिन: अटॅक ९, डिफेन्स ९, डॅमेज ३ ते ६, हिट पॉइंट २५, वेग ९, उडणारे. हिरो तोच.

गोलेमवर पहिला वार: १२ गुणिले ४.५ म्हणजे ५४, अटॅक ११ विरुद्ध डिफेन्स १० म्हणून ५ टक्के जास्त, ५६.७. मेला एकच गोलेम. उलट वार करणारे १९ गोलेम ७७ च्या आसपास डॅमेज देतात, आपले ३ ग्रिफिन खलास.

एल्फवर तोच वार: अटॅक ११ विरुद्ध डिफेन्स ५, ३० टक्के जास्त, ७०.२. चार एल्फ गेले. उरलेले १७ हातघाईत निम्मेच मारतात, डॅमेज ३२ च्या आसपास, आपला एक ग्रिफिन गेला. जवळ पोचेपर्यंत बाणांची एक फेरी सोसावी लागते, ते नुकसान धरूनही एल्फ परवडतात. गोलेमशी मात्र प्रत्येक वाराला एक मारून तीन गमवायचे असतात.

म्हणजे मार्क्समनसाठी एल्फ अवघड, ग्रिफिनसाठी गोलेम अवघड. क्रमच उलटला. आता एल्फची व्हॅल्यू वाढवलीत तर नेमबाजांना न्याय मिळेल आणि उडणाऱ्यांवर अन्याय होईल. कमी केलीत तर उलटं. कुठलाही आकडा घाला, एक बाजू चुकणारच. गोष्टीच जर एका रांगेत उभ्या राहत नसतील, तर भारांक कितीही बदलले तरी एका आकड्याने ती रांग लागत नाही.

ही मर्यादा राशच्या प्रतिमानालाही आहे. क्षमता एकाच मितीवर मांडता येते हे त्याचं गृहीतक आहे. गणिताच्या पेपरात लांबलचक मराठी परिच्छेद असलेले प्रश्न आले की वाचनात कच्च्या मुलांसाठी ते अवघड होतात आणि आकडेमोडीत कच्च्या मुलांसाठी दुसरेच प्रश्न अवघड असतात. तिथे काठिण्यपातळीचा एकच क्रम सगळ्यांना लागू होत नाही. म्हणून श्रेणी वापरण्याआधी एकमितीयता तपासतात. सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे म्हणून ती तपासणी करत नाहीत.

शंभर क्रीचर, दहा फासे

डॅमेजच्या हिशेबात आणखी एक खाच आहे आणि ती सांख्यिकीच्या पेपरात हमखास उपयोगी पडेल. तुकडीत दहापर्यंत क्रीचर असतील तर प्रत्येकासाठी वेगळा फासा पडतो. दहापेक्षा जास्त असतील तर गेम दहाच फासे टाकतो, बेरीज करतो आणि एकूण संख्येच्या प्रमाणात वाढवतो. वेळ वाचवायची ही युक्ती असावी, आणि सरासरीला तिने काहीच धक्का लागत नाही.

धक्का लागतो तो विचलनाला. एका एल्फच्या डॅमेजचं प्रमाण विचलन सरासरीच्या साधारण २० टक्के येतं. दहा एल्फ झाले की ६.५ टक्के. शंभर एल्फ खरोखर वेगवेगळे मारत असते तर २ टक्के आलं असतं. पण फासे दहाच, म्हणून ते ६.५ टक्क्यांवरच अडकतं. शंभर असोत की हजार, अनिश्चितता तेवढीच.

तुम्ही दहा वर्गांत जाऊन प्रत्येकी दहा मुलांची, अशा शंभर मुलांची माहिती गोळा केलीत आणि नमुना १०० लिहिलात, तर तुम्ही याच खाचेच्या जवळ उभे आहात. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: शिक्षक तोच, वेळापत्रक तेच. गेममध्ये परिणामी नमुना बरोबर १० असतो, तुमच्याकडे १० आणि १०० च्या मध्ये कुठेतरी, मुलं किती एकसारखी आहेत त्यावर. पण १०० नक्की नाही. 'तुमचे फासे किती?' हा प्रश्न 'तुमची माणसं किती?' यापेक्षा आधी विचारा.

तर मग गेम फसला का?

नाही, आणि हे समजून घेतल्याशिवाय ही चिकित्सा अर्धवट राहील.

नकाशा बनताना जनरेटरला माहीत नसतं की त्या खिंडीपाशी कोण, कधी, कोणतं सैन्य घेऊन येणार. त्याच्यापुढे एक आकडा वापरण्यापलीकडे फारसा स्वस्त मार्ग नव्हता. शिवाय आकडा आणि वास्तव यांच्यातल्या फटीतच खेळाडूचं कसब राहतं. नकाशावर राखणदारांची नेमकी संख्यासुद्धा दिसत नाही. १० ते १९ ला 'पॅक', २० ते ४९ ला 'लॉट्स' असे शब्द दिसतात. 'लॉट्स' गोलेम बघून मुरलेला खेळाडू खूश होतो, 'लॉट्स' एल्फ बघून वाट बदलतो. जनरेटरचं मोजमाप अचूक असतं तर हा निर्णय उरलाच नसता. गेमला थोडं सदोष मोजमाप परवडतं, किंबहुना त्याने गेम रंगतो.

स्पर्धेत मात्र तेच मोजमाप टोचतं, कारण तिथे आकड्याकडून न्यायाची अपेक्षा असते. म्हणूनच अनेक स्पर्धांच्या नियमांत पहिल्या एक-दोन दिवसांत नकाशा बदलून घेण्याची मर्यादित मुभा ठेवलेली दिसते. आकड्याने जे सुटलं ते माणसाच्या डोळ्याने भरून काढायची ही सोय. मला हा भाग शहाणपणाचा वाटतो: मोजमापाची मर्यादा ओळखली आणि तिच्यासाठी नियमात जागा केली.

आपल्या क्षेत्रात असं क्वचित होतं. प्राध्यापकाचं काम पूर्वी एपीआय गुणांत मोजायचे, विद्यापीठाचं काम श्रेणीत, संशोधकाचं काम पेपरच्या संख्येत. प्रत्येक आकडा कुठल्यातरी तुलनेपुरता उपयोगी असतो. तो कुणाच्या समोर, कशासाठी मोजला होता ते पुसलं गेलं, की त्यावर नेमणुका होतात, निधी वाटला जातो, आणि नकाशा बदलून मागायची मुभा कुणालाच नसते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

मोजमापाची साधनं या प्रकरणावर परत जा आणि तीन गोष्टी करून बघा.

एक, तुमच्या श्रेणीवर समान गुण मिळतील अशी दोन वेगळी माणसं कल्पनेने कागदावर उभी करा. एकाला गुण कुठून मिळाले, दुसऱ्याला कुठून? तुमच्या संशोधनप्रश्नासाठी ती दोघं खरोखर सारखी आहेत का? नसतील तर तुमच्याकडेही गोलेम आणि एल्फ एका पिशवीत आहेत. मग बेरीज सोडून उपश्रेणी वेगळ्या ठेवा.

दोन, आकडा कुणाच्या संदर्भात खरा आहे ते एका वाक्यात लिहा. 'ही चाचणी अवघड आहे' असं लिहिलं असेल तर 'कुणासाठी' हा शब्द त्यात यायलाच हवा.

तीन, निवड कशी केली याची नोंद अशी ठेवा की दुसऱ्याला तोच नकाशा पुन्हा बनवता येईल: स्तर, यादी कुठून घेतली, चिठ्ठ्या कशा काढल्या, सॉफ्टवेअर वापरलं असेल तर सीड कोणता.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाईल आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. पायलट स्टडीच्या आधी करा. प्रश्नावली पाचशे जणांकडून भरून आल्यावर दोन उपश्रेणी वेगळ्या करायला हव्या होत्या असं लक्षात आलं, तर नकाशा बदलून मिळत नाही.